रोज अर्धा तास

अण्णांना मोबाइल जमत नाही म्हणून हृदयाच्या ऑपरेशननंतर दवाखान्याने थोरल्या मुलाचा नंबर घेतला. रोज मेसेज यायचा, 'आज अर्धा तास चाललात का?' थोरला दुकानातूनच 'हो' पाठवून मोकळा व्हायचा. 'नाही' कळवलं असतं तर सिस्टरांनी फोन करून पिच्छा पुरवला असता.

अण्णा खुर्चीतून विचारायचे, "दवाखान्याने काही सांगितलंय का रे?"

"पडून राहा म्हणालेत."

दोन महिन्यांनी तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर आपटले. "रोज चाललो म्हणून कळवता आणि हृदयाची ही दशा? खोटं कोणाला सांगता, आजोबा?"

अण्णांनी गोंधळून मुलाकडे पाहिलं.

थोरल्याने सुस्कारा सोडला. "सांगून सांगून घसा कोरडा पडला, डॉक्टर. खुर्ची सोडतील तर शपथ."