परसातला शेठ

दवाखान्यात एक्स-रे काढण्याचं काम करणारी थोरली सून दुपारी घरी आली, तेव्हा परसातून ड्रिल मशीनचा आवाज येत होता. नवरा उकिडवा बसला होता. दोन्ही गुडघ्यांत कासव आवळून तो त्याच्या पाठीच्या कडेला भोक पाडत होता. पांढरा भुगा त्याच्या चपलेवर सांडला होता. कासवानं डोकं, पाय, शेपूट, सगळं आत ओढून घेतलं होतं.

तळ्याजवळच्या रस्त्यावर ते त्याला आठवड्यापूर्वी सापडलं होतं. गाडीखाली येईल म्हणून त्यानं उचलून आणलं आणि घरभर कौतुक झालं. आठ वर्षांच्या मुलीनं त्याचं नाव शेठ ठेवलं, कारण त्याला कुठलीच घाई नसायची. सासरे गवंडीकामातून निवृत्त झालेले; त्यांनी त्याच्यासाठी पाण्याचं छोटं टाकं बांधलं. ती स्वतःही त्याला रोज कोबीची पानं घालत होती.

"हे काय करताय?" तिनं विचारलं.

"बांधायला नको? सारखा भिंतीकडे पळतोय. भोकातून तार ओवली की दहा फूट आरामात फिरेल. नखासारखं असतं हे, त्याला कळतही नाही."

"नख नाही ते, हाड आहे. त्याच्या फासळ्याच आहेत त्या. मी रोज हाडंच बघते."

"माणसांची बघतेस," तो म्हणाला आणि त्यानं फुंकर मारून भुगा उडवला.

भांडण झालं. पण भोक पडलंच होतं, तारही ओवली गेली, आणि दोन दिवसांनी ती गप्प बसली. पुढे तिला स्वतःचा राग आला तो या गप्प बसण्याचा.

तार लागल्यावर शेठ भिंतीलगतच्या मातीच्या पट्ट्यात जाऊन मागच्या पायांनी उकरू लागला. एक खड्डा बुजवला की शेजारी दुसरा. सासरे म्हणाले, "भिंतीचा पाया उघडा पाडेल हा. कोबा करून टाकतो."

"नका करू, बाबा. तेवढीच माती आहे त्याला."

तिनं हे तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी ती कामावर असताना सासऱ्यांनी पट्ट्यावर सिमेंट ओतलं आणि थापीनं असं घोटलं की नवरा शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होता.

कोबा वाळल्यावर शेठ त्यावरही उकरत राहिला. खर्र, खर्र. चौथ्या दिवशी राखाडी सिमेंटवर तिला तपकिरी ओरखडे दिसले. तिनं वाकून पाहिलं. मागच्या पायांची नखं झिजून रक्त आलं होतं. कोबी आदल्या दिवशीचा तसाच पडला होता.

तिनं तार उलगडली, कासव भाजीच्या पिशवीत घातलं आणि कुणाला न सांगता कामावर नेलं. पेशंट यायच्या आधी त्याला टेबलावर ठेवून तिनं बटण दाबलं.

पडद्यावर सात अंडी दिसली. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटून दाटीनं बसलेली.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. ते रस्ता चुकलं नव्हतं. अंडी घालायला तळ्यातून निघालं होतं, आणि तीन आठवडे ते सगळ्यांना हेच सांगत होतं.

दुपारी तिनं त्या एक्स-रेची फिल्म नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या समोर खिडकीच्या काचेवर धरली.

नवरा हसला. "म्हणजे शेठ निघाली शेठाणी. मग तर सोडायचंच नाही. पिल्लं होतील."

"कुठे होतील? कोब्यावर?"

"मी वाचवलं त्याला. मी नसतो तर ट्रकखाली गेलं असतं."

"मग रस्ता ओलांडून द्यायचा होता. एवढंच काम होतं तुमचं. घरी आणून भोकं पाडायला कुणी सांगितलं होतं? मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो." तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की सासऱ्यांनी मान वर केली. "कुठे उचललंत?"

नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

"विचारतेय ती," सासरे म्हणाले. "सांग."

"पुलाच्या मोडक्या कठड्यापाशी."

"तोंड कुठे होतं त्याचं?"

"तळ्याकडे पाठ होती."

ती पिशवी उचलून निघाली. सासरे पायात चपला सरकवत मागोमाग आले आणि स्कूटरवर मागे बसले. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी.

कठड्यापाशी तिनं कासव तळ्याकडे पाठ करून ठेवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग डोकं बाहेर आलं, आणि ते डांबरावरून चालू लागलं. ती रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी राहिली. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, मग डोकं बाहेर काढलं.

"बाई, कासवासाठी रस्ता अडवताय?"

"हो."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

पलीकडच्या उतारावर, झुडपाच्या मुळाशी, मऊ मातीत ते थांबलं. दुखऱ्या पायांनी हळूहळू उकरू लागलं. दोघं जरा लांब एका दगडावर बसले.

"मला नीट सांगायचं होतंस," सासरे म्हणाले.

"तीनदा सांगितलं होतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. "हो. सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही."

त्यांची कीव करायला ती अजून तयार नव्हती. एवढ्यात तिचा फोन वाजला. नवऱ्याचा. तिनं तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा सासऱ्यांनी हात पुढे केला. तिनं फोन दिला.

"भाजी चिरलेली नाही म्हणतोस? मग चीर की," ते म्हणाले. "स्वयंपाक तू कर. पोरीला वेळेवर जेवू घाल. आम्हाला इथे वेळ लागेल."