बॅटरीवर काय ठेवायचं

"लाइट गेली की काय काय चालू राहायला पाहिजे?" वायरमननं विचारलं आणि आमच्या भाऊजींनी छाती पुढे काढून सांगितलं, "सगळं!"

मी गवताचा भारा उतरवून त्यांच्या अंगणात घटकाभर टेकले होते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर गवंडीकाम करून लोकांची घरं बांधली आणि म्हातारपणी, बायको गेल्यावर, शेताच्या टोकाला स्वतःच्या हातानं चार खोल्या उभ्या केल्या. त्यांच्या आणि माझ्या एकटीच्या घरात एक शेत तेवढं आडवं. इथली थंडी अशी, की सकाळी माती पायाखाली करकरते. वारा सुटला की तारा तुटतात, मग बसा अंधारात.

"सगळं म्हणजे चारही हीटर?" वायरमन डोकं खाजवायला लागला. "काका, हीटर फार खातो हो. खोलीभर बॅटऱ्या लावल्या तरी पहाटेआधी मान टाकतील. घरात माणसं किती?"

भाऊजी नुसते भिंतीवरून हात फिरवत राहिले. मला कुठं दम निघतोय!

"एक," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात लाकडाची लोखंडी शेगडी बसवा, धुराडं छपरातून वर काढा. बांधावर एवढं वाळकं लाकूड कुजतंय."

"वहिनी, घर तुमचं आहे का?"

"माझं कशाला असेल?"

"मग तोंड आवरा. लेक येणार आहे माझी. नातीला घेऊन."

लेक दर हिवाळ्यात फोनवर एकच सांगायची, "बाबा, तिथं गारठा केवढा, लाइटचा भरवसा नाही. पोरगी आजारी पडेल." या माणसानं ते मनावर घेतलं. भिंती जाड केल्या. नातीच्या खोलीची खिडकी मुद्दाम खाली बसवली, का तर तिला उभ्यानं गोठा दिसावा.

"मग लेकीलाच विचारा ना किती दिवस राहणार," वायरमन म्हणाला. "त्यावर बॅटरी ठरवू."

भाऊजींनी तिथंच फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"पोरी, चारही खोल्यांत हीटर बसवतोय. लाइट गेली तरी बंद पडायचे नाहीत. आता सांग, कधी येतेस?"



"बाबा, एवढं कशाला करत बसलात? हिची शाळा, ह्यांचं काम... बघू ना पुढच्या वर्षी."

"गारठ्याचं तर काही नाही ना आता?"

"गारठ्याचं नाही हो बाबा. बघू. ठेवते."

भाऊजींनी फोन खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं. मघाशी मी 'एक' म्हटलं होतं ना, ते परत गिळता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

"शेगडीच बसव," ते वायरमनला म्हणाले. "बाकीच्या खोल्यांना काही नको."

"आणि बॅटरीवर?"

"एक दिवा. आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट. तो मात्र बंद पडता कामा नये. नेमका तेव्हाच तिचा फोन आला तर?"

मी भारा डोक्यावर घेतला आणि चालू लागले.

पुढं थंडी पडली, वारा सुटला, तारा तुटल्या. संध्याकाळी मी जेवण घेऊन त्यांच्याकडे गेले. शेगडी लालबुंद झाली होती. नातीच्या खोलीचं दार बंद, फटीला पोतं लावलेलं. फळीवर फोन चार्ज करून ठेवलेला आणि भाऊजी दर घासाला तिकडं बघतात.

"त्याला काय पाय फुटणार आहेत का?" मी म्हटलं. "जेवा गपगुमान."

हसले. निघेपर्यंत माझाही फोन त्यांनी चार्ज करून दिला.

घरी आले तर अंधार आणि गारठा. शेतापलीकडं तेवढा त्यांचा एक दिवा. मी घोंगडी ओढून घेतली आणि फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"बोल पोरी!"

"मी आहे, वहिनी."

"आत्ताच तर गेलात! काय विसरलं?"

"काही नाही. तुमचा पॉइंट चालतो का बघत होते."

तिकडं शेगडीत लाकूड तडकलेलं ऐकू आलं.

"चालतोय," भाऊजी म्हणाले. "उद्याही बघा."