नऊ फोनांची पूजा

नोकरीला लागून चार वर्षं झाली, पण दसऱ्याला मी एकदाही घरी गेलेली नाही. येवल्याला आमच्याकडे माग आहे. दसऱ्याला त्याची पूजा असते, आणि मी तेव्हा नाशकात ऑफिसात बसून अंगठ्यानं फोन बडवत असते. आमचं अ‍ॅप पैठण्या विकतं. त्याचं दिवाळीचं नवं व्हर्जन नेमकं दसऱ्याच्या तोंडावर निघतं, आणि त्याआधी नऊ फोनांवर आणि वेबसाइटवर प्रत्येक बटण दाबून बघणारी मी एकटी. मयूर कोड लिहितो, मी त्यातल्या चुका काढते. त्याला मी आवडत नाही, हे ओघानंच आलं.

म्हणून यंदा सुनील सरांच्या मागे भुणभुण लावून मी एक टूल घ्यायला लावलं. फोन स्टँडवर लावून ठेवायचे, कॉम्प्युटरमधलं टूल आपलं आपण बटणं दाबतं. जमलं तर हिरवी खूण, बिघडलं तर लाल. अर्थात कुठं काय दाबायचं हे त्याला आधी शिकवावं लागतं. मी तीन आठवडे शिकवलं. शाळेतल्या बाईंनी मलासुद्धा इतक्या संयमानं शिकवलं नसेल. सर म्हणाले, "खंडेनवमीला सगळं हिरवं दाखव, उज्वला, आणि दोनची बस पकड."

त्या दिवशी सकाळी सगळं हिरवं होतं. मग अकराला सरांच्या आई, चिमणाबाई, पूजेचं ताट घेऊन आल्या. आम्ही त्यांना आजी म्हणतो.

"नवं यंत्र घेतलं आन् पूजा नाय? आसं कुठं आस्तं व्हय!"

आजींनी कॉम्प्युटरला हार घातला, नऊ फोनांना ओल्या हळदीची बोटं लावली, पेढे वाटले. मी नमस्कार केला आणि सरांना दाखवायला टूल पुन्हा सुरू केलं.

नऊच्या नऊ फोन लाल.

मयूरनं पेढा चघळत माझ्याकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की तो पेढा हिसकावून घ्यावासा वाटला. घड्याळात साडेबारा. मला रडू यायचंच बाकी होतं. वेबसाइटची तीच चाचणी मात्र हिरवी. म्हणजे माझं शिकवणं बरोबर होतं, गडबड फोनांवरच होती. जवळ जाऊन पाहिलं, तर हळदीचं एकेक बोट बरोबर स्क्रीनच्या खालच्या बाजूला, 'ऑर्डर करा' या बटणावर. टचस्क्रीनला ओल लागली की तिला ते बोटच वाटतं. टूल एकदा दाबत होतं, हळद मधूनच आणखी एकदा.

फोन पुसले. सगळं हिरवं. सर म्हणाले, "पळ आता."

मी पर्स उचललीसुद्धा. पण मघाच्या लाल यादीतली एक ओळ डोळ्यांत खुपत होती: एकाच साडीच्या दोन ऑर्डर. बटण चुकून दोनदा दाबलं गेलं तर अ‍ॅप दोन साड्या नोंदवत होतं. हे हळदीचं पाप नव्हतं, मयूरचं होतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण एका पैठणीला माझ्या भावाचा दीड महिना जातो. कुणाच्या तरी ओल्या बोटापायी त्यानं आणखी दीड महिना कुणालाच नको असलेली साडी विणायची? मला माझाच राग आला आणि मी बोलून टाकलं.

सरांनी व्हर्जन थांबवलं. मयूर म्हणाला, "दुरुस्तीला तासभर लागेल. मग ही तपासणार ना?" मी सवयीनं पर्स खाली ठेवली.

"आन् मंग ते यंत्र काय नुस्तं हार घालायला आणलं का?" आजी म्हणाल्या.

खरंच की! मी टूलला तेच बटण दोनदा दाबायला शिकवलं, वीस मिनिटं लागली, आणि ठक्कर बाजारच्या स्टँडकडे धूम ठोकली.

निफाड आलं तरी ऑफिसातून फोन नाही. विंचूर गेलं, फोन नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर झोंबलं. येवल्याच्या अलीकडे शेवटी मीच मयूरला फोन लावला.

"झालं की केव्हाच. सगळं हिरवं," तो म्हणाला. "तू कशाला फोन केलास?"

"दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला," मी धडधडीत खोटं बोलले.