लंकाबाईंचं लायसन

जकात नाक्याचा बांबू कडकन मोडला तेव्हा मी, नाक्याचा कारकून, आत चहाची बशी तोंडाला लावली होती. बाहेर येऊन पाहतो तर आमच्या शेजारच्या सूर्यभान साळव्याची जीप बांबूच्या दोन तुकड्यांच्या मधोमध उभी, आणि नुकताच बदलून आलेला हवालदार जीपच्या उजव्या अंगाला उभा राहून सूर्यभानच्या बायकोला, लंकाबाईंना दरडावत होता.

"लायसन काढा, बाई."

"माज्याकडं न्हाई."

"बिगरलायसनची गाडी हाकता, आन् वर तोंड करून सांगता?"

"मी कुठं हाकते? माज्यापुढं चाक हाय का बघा की."

हवालदाराने वाकून पाहिलं. चाक खरोखरच नव्हतं. चाक पलीकडे, डाव्या हाताला होतं, आणि त्याच्यामागे सूर्यभान परक्याच्या घरी बसावं तसा अवघडून बसला होता.

हवालदाराला तरी काय बोल लावायचा? ती जीप अमेरिकेने महायुद्धासाठी बनवलेली. तिचं चाक डावीकडे. युद्ध संपलं, जीप आपल्या लष्करात राबली, आणि लष्कराने मोडीत काढल्यावर भिंगारच्या लिलावात सूर्यभानने ती घेतली. तो लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर. असल्या जीपा खोलून जोडण्यातच त्याचा जन्म गेलेला. लोक हौसेने सायकल घेतात, याने जीप घेतली. आठ वर्षं झाली त्याला. तीच कामावर जायला, तीच दळणाला, तीच बाजाराला. आमच्या घरचं लोखंडी कपाट तिच्यातूनच आलं आणि माझी थोरली सासरी गेली तीही तिच्यातूनच. दारं नाहीत, वर ताडपत्री, मागे सूर्यभानने स्वतः रंगवलेलं 'लेफ्ट हँड ड्राइव्ह', त्यातला शेवटचा 'ह' जागा संपल्यामुळे जरा दबलेला.

डावीकडे बसणाऱ्याला पुढच्या ट्रकच्या पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून उजव्या सीटवर लंकाबाई. त्या बाहेर डोकावायच्या आणि सांगायच्या, "थांबा, यष्टी येतीया. आता जा. म्हस हाय, म्हस हाय!" कायद्यासाठी सूर्यभानने जीपला पत्र्याचा एक लाल हात बसवला होता. चाकाजवळची तार ओढली की तो उजवीकडे आडवा व्हायचा. पण आमच्याकडच्या धुळीत तो नेमका वेळेला अडकायचा, मग लंकाबाईच आपला बांगड्यांचा हात बाहेर काढायच्या. रस्त्यावरच्या लोकांना वाटे, जीप ही बाईच चालवते, तीही चाकाला हात न लावता. आम्ही भिंगारकर त्यावर पोट धरून हसायचो.

त्या दिवशी मी हवालदाराची समजूत काढून त्याला चहाला आत पाठवलं आणि सूर्यभानकडे वळलो. "काय राव, नाका दिसला नाही का?"

"न्हाई दिसला, आबासाहेब," तो हळूच म्हणाला.

मी हसलो. बांबू मांडीएवढा जाड, त्यावर काळे-पांढरे पट्टे मीच मारून घेतलेले. लंकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि मग माझंही हसू गेलं.

डॉक्टरने काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेला होता, डावा औषधावर टिकला असता. पण गाडी चालवणं बंद. सूर्यभानने दोन दिवस उभी जीपच पुसून काढली. तिसऱ्या दिवशी त्याने मिरजगावच्या मच्छिंद्र कंत्राटदाराला 'जीप घेऊन जा' म्हणून कार्ड टाकलं. मच्छिंद्रला दुष्काळी कामावर खडी-मुरुमाच्या रस्त्यांनी हिंडायला असलीच गाडी हवी होती आणि त्याने सूर्यभानला दोनदा विचारलंही होतं. उत्तर आलं की होळीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी येतो आणि चालवतच घेऊन जातो.

सूर्यभानचं मला कळत होतं. चालवता येत नाही ती गाडी दारात बघत बसण्यापेक्षा गेलेली बरी. पण लंकाबाईंची गोष्ट निराळी होती. त्यांची आई गोजरबाई पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या पुढे आडबाजूच्या एका वाडीत एकटी राहायची. वय ऐंशीच्या घरात. एस.टी. पारनेरपर्यंत, पुढे दोन ओढे आणि पायपीट. त्या वर्षी वाडीची विहीर पौषातच आटली होती. दर रविवारी नवरा-बायको जीपमध्ये पाण्याची दोन पिंपं, पीठ आणि म्हातारीची औषधं घालून ओढ्यांतून जात. पिंपं काही एस.टी.तून नेता येत नाहीत. म्हातारीला भिंगारला आणायची तर ती म्हणे, "जावयाच्या दारात पडून राहनार न्हाई. हितंच बरी हाय मी." आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

ते उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लंकाबाई नाक्यावर आल्या.

"आबासाहेब, लायसनचा फारम कुठं मिळतो?"

"कुणासाठी?"

"माज्यासाठी."

मला हसू फुटलं. मी म्हणालो, "वहिनी, बायकांचं काम आहे का ते? आणि तेही ते धूड!"

"हवालदारानं लायसन मागितलं ते माज्याकडंच मागितलं," त्या म्हणाल्या. "तवा न्हाई हसला तुमी."

मी फॉर्म आणून दिला. मी भरू लागलो तर त्यांनी तो माझ्या हातून घेतला. बाई चौथी पास होत्या. अक्षर माझ्यापेक्षा बरं, हे इथे कबूल करून टाकतो.

घरी खडाजंगी झाली. भिंत एकच, त्यामुळे मला कान लावावा लागला नाही.

"मच्छिंद्राला शबुद दिलाय मी," सूर्यभान म्हणत होता.

"मग मोडू नका. त्याच शनवारी सकाळी लायसनची परीक्षा हाय, त्यो संध्याकाळी येनार. मी नापास झाले तर माज्या हातानं चावी देते त्याला. पन पास झाले तर गाडी जानार न्हाई."

"अगं, पाय तरी पुरतात का तुजे?"

"पाठीला पोतं लावीन."

सूर्यभानने तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पयल्या गिअरला दोनदा क्लच दाबावा लागतो."

"म्हाईत हाय. आट वर्सं आयकतीया मी."

शिकाऊ परवाना मिळाला आणि शिकवणी सुरू झाली ती गावाबाहेरच्या तळ्यात. तळ्यात म्हणजे खरोखर तळ्यात. पाणी केव्हाच आटलेलं, भेगाळलेली सपाट जमीन दूरवर पसरलेली, धडकायला काही म्हणून नाही. दुष्काळाने आमचं इतकं नेलं, पण लंकाबाईंना मैदान तेवढं मोफत दिलं. सूर्यभान कामावरून आला की दोघं निघत. काठावर गुरं राखणारे बसून बघत. मीही दोन-तीनदा गेलो, म्हटलं तर काळजीने, म्हटलं तर गंमत बघायला.

पहिल्या दिवशी जीप बेडकासारख्या उड्या मारत चालली. चौथ्या दिवशी सरळ चालली. मागे घेताना मात्र त्या हटकून डावीकडे जात, आणि सूर्यभान ओरडे, "मागं बघ, मागं! म्होरं काय बघतीस?" त्या तितक्याच जोरात म्हणत, "वरडू नका, गिअरचा आवाज आयकू येत न्हाई मला!" असं दोन्हीकडून ओरडणं चालू असताना जीप एके दिवशी सरळ मागे आली आणि दोघंही एकदम गप्प झाले.

"झाली ना?" लंकाबाई म्हणाल्या.

"झाली," सूर्यभान म्हणाला. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मला वाटलं धूळ गेली असेल डोळ्यात.

शनिवारी सकाळी परवान्याच्या कॅम्पावर आम्ही तिघं गेलो. तिथे रांगेत ट्रकवाले, टॅक्सीवाले, साखर कारखान्याचे दोन ड्रायव्हर. बाई एकच. कुणीतरी म्हणालं, "मावशी, हितं रेशन न्हाई मिळत." सगळे हसले. लंकाबाईंनी नवं लुगडं नेसलं नव्हतं की काही नाही, रोजचंच हिरवं लुगडं, पदर खोचलेला. त्या मात्र सारख्या सूर्याकडे बघत होत्या, जणू संध्याकाळ आत्ताच होणार होती.

इन्स्पेक्टर साहेब उंच, कडक कांजीच्या पोशाखातले. त्यांनी जीपला एक फेरी मारली, 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' वाचलं, तार ओढून पत्र्याचा हात पाहिला. हात छान आडवा झाला. मग म्हणाले, "मालक खाली उतरा. आणि हे मागे कोण?"

"शेजारी हायत," लंकाबाई म्हणाल्या. "वजन म्हनून ऱ्हाऊ द्या, सायेब. मागं वजन नसलं की लई उडती."

साहेबांनी मला वजन म्हणून मंजूर केलं. ते स्वतः उजव्या सीटवर, लंकाबाईंच्या नेहमीच्या जागेवर बसले.

बाजाराचा रस्ता, चढ, उतार सगळं नीट झालं. चढावर थांबवून पुन्हा काढायला लावली, तेव्हा मी डोळे मिटले होते, पण जीप तसूभरही मागे आली नाही. मग परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, "पुढे उजवीकडे वळा." लंकाबाईंनी तार ओढली. पत्र्याचा हात चार बोटं वर आला आणि अडकला. त्यांनी पुन्हा ओढली. तार हातात आली.

मागे मोठा हॉर्न वाजला. मी वळून पाहिलं. मुरुमाने भरलेला ट्रक सुसाट येत होता, आणि त्याला आम्ही वळणार हे कळायला काही मार्ग नव्हता.

"हात काढा भायेर!" लंकाबाई कडाडल्या. "बघताय काय सायेब? ट्रक हाय मागं!"

आणि त्या सरकारी माणसाचा हात, घड्याळासकट, सर्रकन बाहेर गेला. ट्रकवाल्याने वेग मोडला. लंकाबाईंनी मान वाकवून समोर पाहिलं, एक बैलगाडी जाऊ दिली आणि अलगद उजवीकडे वळवली. वळून झाल्यावर म्हणाल्या, "आता घ्या आत."

साहेबांनी हात आत घेतला. जीप कॅम्पावर येऊन थांबली. मी मनात म्हटलं, संपलं. प्रत्यक्ष इन्स्पेक्टरवर ओरडली ही बाई.

"बाई," साहेब म्हणाले, "परीक्षा तुमची होती. इशारा तुम्ही द्यायचा, मी नाही."

"सायेब, त्या सीटवर मी आट वर्सं बसले," लंकाबाई म्हणाल्या. "तितं जो बसंल त्यानं हात दावायचा, ह्येच मला म्हाईत. हात अडकला म्हनून मी मधीच थांबले आसते, तर मागचा अंगावर आला आसता. मंग तुमी तरी पास कुनाला केलं आसतं?"

रांगेतले ट्रकवाले आता जवळ येऊन ऐकत होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तो पत्र्याचा हात अर्ध्या तासात दुरुस्त करून दाखवा. तुम्ही स्वतः. मालकांनी हात लावायचा नाही."

लंकाबाईंनी सीटखालून पाना काढला. सूर्यभान दहा पावलांवर उभा होता. त्याची बोटं नुसती हवेत वळवळत होती, पण तो जागचा हलला नाही. बाईंनी नट सैल केला, सांध्यातली माती केसांतल्या आकड्याने कोरून काढली, ट्रकवाल्याकडून तेलाचा बोळा घेतला आणि तार नव्याने अडकवली. एकदा ओढली. हात आडवा. सोडली. हात खाली. दहा वेळा केलं. अकराव्या वेळी साहेबच म्हणाले, "पुरे, बाई, पुरे. पास."

मघाशी रेशनचं बोललेला माणूस सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू लागला. मीही वाजवल्या. फॉर्म मागायला आल्या तेव्हा हसलो होतो त्याची भरपाई म्हणून जरा जास्तच वाजवल्या.

संध्याकाळी मच्छिंद्र कंत्राटदार आला. एस.टी.ने आला होता, जाताना जीप न्यायची म्हणून. सूर्यभानने त्याला खरं ते सांगितलं. मच्छिंद्र आधी हसला, मग चिडला, मग चहा प्यायला. उठताना कुरकुरला, "पन आता मी जाऊ कसा? शेवटची यष्टी चुकनार."

"चुकत न्हाई," लंकाबाई म्हणाल्या. "बसा."

त्यांनी त्याला भिंगारहून नगरच्या स्टँडवर सोडलं. उतरल्यावर मच्छिंद्र हात जोडून म्हणाला, "बाई, गाडी माज्या हातची गेली ते बरंच झालं. माज्या ड्रायव्हराला न्हाई येत अशी चालवायला." हे मला सूर्यभानने सांगितलं, आणि सांगताना तो असा खुलला होता की जणू पास तोच झाला होता.

रविवारी सकाळी मी दात घासत ओट्यावर उभा होतो. पिंपं दोराने बांधून झाली होती, पिठाचा डबा मागे ठेवला होता. लंकाबाई डावीकडे चाकापाशी बसल्या होत्या, पाठीला पोतं लावून. सूर्यभान घरातून आला आणि सवयीने त्यांच्याच बाजूला गेला. तिथे क्षणभर थांबला. चाकाजवळच्या खिळ्याला त्याची कापडी पिशवी टांगलेली होती. आत तंबाखूची चंची, काच पुसायचं फडकं, असलंच काहीबाही. लंकाबाई मुद्दाम समोर बघत होत्या. त्याने फडकं काढलं, त्यांच्या समोरची काच कोपऱ्यापर्यंत नीट पुसली, फडकं पिशवीत घातलं आणि पिशवी खिळ्यावरून काढून घेतली.

मग जीपला हात लावत लावत, पुढून वळसा घालून, तो उजवीकडच्या सीटवर जाऊन बसला. पिशवी त्याने मांडीवर ठेवली.

"चल," तो म्हणाला, "आई वाट बघत आसंल."