चार आण्यांची फट

केरबाच्या नावाला एकदा काळं फासलं गेलं होतं. तो रेल्वेत रूळ सांभाळणारा गँगमन असताना भर उन्हात रूळ वाकून मालगाडी घसरली, साहेबानं बोट दाखवलं ते केरबाकडं, आणि ह्या गड्यानं मुकाट्यानं मान खाली घातली. नोकरी गेली ती गेलीच. म्हणून ताराबाई पार्कातल्या अप्पा वकिलांनी आपल्या बंगल्याच्या बागेतल्या छोट्या आगगाडीचे रूळ टाकायला बोलावलं, तेव्हा त्याला वाटलं, नाव धुऊन काढायचा हाच मोका.

पौषातल्या गारठ्यात त्यानं बारीक खडी चोपली, दोरी धरून वळणं घेतली आणि प्रत्येक सांध्यात चार आण्यांचं नाणं उभं घालून, ते काढून तेवढी फट सोडली.

"लोखंड उन्हात फुगतंय, अप्पासाहेब. त्याला अंग पसरायला जागा नगं?"

"पण गाडी खडखडते की रे!"

"खडखडू द्या की!"

चैत्रात वकिलांनी भर दुपारी पाहुणे जमवले. गाडी सुटली, डाळिंबाच्या वळणावर आली, आणि तिथं रूळ वाकडातिकडा होऊन पडलेला! इंजिन उलटून थेट हौदात. पाहुणे खो खो हसले. वकिलांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी हातातली काठी केरबाच्या तोंडावर हाणली.

"दारू ढोसून रूळ टाकलास, भाड्या!"

केरबाचा ओठ फाटला, दात हातात आला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला. तिसऱ्याला त्यानं काठी धरली, हिसकावली आणि गुडघ्यावर मोडली. मग वाकून सांधा बघितला. फटीत पितळेची पट्टी ठोकलेली! सगळ्या फटी भरलेल्या.

"ह्या कुणी बुजवल्या?"

"मीच. ती खडखड ऐकवत नव्हती."

मग मात्र केरबाचं टाळकं सटकलं. त्यानं वकिलांची मानगूट धरली, त्यांना खडीवर लोळवलं आणि त्यांचा उजवा पंजा तापलेल्या रुळावर दाबून वर गुडघा रोवला. वकील गुरासारखे ओरडले. चौघा पाहुण्यांनी केरबाला लाथांनी तुडवलं, बरगडी मोडली, तेव्हा कुठं गुडघा हलला.

हवालदार आला. "गुन्हा कबूल हाय?"

"हात भाजला त्यो म्या. लिवा." केरबा रक्त थुंकला. "पर रूळ वाकला त्यो माझ्यामुळं न्हाय. ते बी लिवा. आदी ते लिवा."

हवालदारानं वकिलांकडं बघितलं. वकील फुंकर मारत पंज्यावरचे फोड बघत होते.

"लिहा," ते म्हणाले.

केरबानं स्वतःहून बेड्यांसाठी हात पुढं केले.