तूरिनची रिकामी गोणी

मी एक गोणी बोलतेय. तागाची, साधी. काचेच्या पेटीत ठेवलेली असले, तरी मी कलाकृती आहे की नाही याची मला अजून खात्री नाही. तेव्हा माझं बोलणं जरा बेतानंच मनावर घ्या.

पूर्वी मी इटलीतल्या तूरिन शहरात पाल्मिराच्या स्वयंपाकघरात होते. एकोणीसशे एकोणसत्तरच्या शरदात तिचा नवरा मोटारींच्या कारखान्यात संपावर होता. पगार बंद. तिच्या माहेरच्या डोंगरातून आलेले, माझ्या पोटातले बटाटे हीच त्या घराची हिवाळ्याची बेगमी.

तिचा मुलगा एर्मेते शिल्पकार. तो आणि त्याचे मित्र संगमरवराला नाकं मुरडत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभणारी कला त्यांना नको होती. कोळसा, चिंध्या, माती, जे गरिबाघरी असतं तेच मांडायचं, हा त्यांचा हट्ट. म्हणून आई बाजारात गेलेली पाहून त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि थेट एका कलादालनाच्या पांढऱ्या फरशीवर नेऊन ठेवलं.

संध्याकाळी उद्घाटन. फरचे कोट घातलेल्या बायका माझ्याभोवती हलक्या पावलांनी फिरल्या. एक म्हणाली, "केवढं मौन आहे यात!" मी गप्पच होते. आणखी काय करणार?

तेवढ्यात पाल्मिरा आली, एप्रनसकट.

"अरे मेल्या, माझे बटाटे!"

"आई, हळू बोल. ही आपलीच गोष्ट आहे. बाबांची, संपाची."

"मग बाबांना गोष्ट शिजवून घालू? आज या बटाट्यांचे गोळे करून न्योकी शिजवायचीय. संपावरची चार माणसं जेवायला यायचीत."

ती खाली बसून बटाटे एप्रनमध्ये भरू लागली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवू लागले. हाही कलाकृतीचाच भाग, असं त्यांना वाटलं.

"टाळ्या कसल्या पिटता? हात मोकळे असतील तर सोलायला चला!"

कुणी हललं नाही. एर्मेतेचे कान लाल झाले. मग त्यानं कोट काढला, उरलेले बटाटे त्यात बांधले आणि मुकाट्यानं आईमागून निघाला.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा मी रिकामी होऊन कोसळले होते तशीच फरशीवर पडून होते.

"आई म्हणाली, रिकामी असेल तर राहू दे तिला तिथं," तो दालनाच्या मालकाला म्हणाला आणि माझ्या काठावरून हात फिरवला. बाहीला लागलेलं न्योकीचं पीठ माझ्यावर सांडलं.

आता संग्रहालयात लोक एकमेकांना समजावतात, की माझं रिकामेपण म्हणजे कामगारांची भूक. इतकी शिकलेली माणसं; ती चुकताहेत असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण मी रिकामी झाले, कारण त्या दिवशी सगळे जेवले.

मला साफ करणाऱ्यांनो, काठावरचा तो पांढरा डाग धूळ नाही. ब्रश जरा अलीकडेच थांबवा.