दार उघड म्हणणारी कॅसेट

मित्रांनो, जरा खाली वाका. या टॅक्सीच्या डॅशबोर्डात जी फट आहे ना, तिच्यात माझी कड दिसेल. मी एक जुनी कॅसेट आहे आणि इथे कायमची अडकले आहे. मला बाहेर काढायचं बटण केव्हाच तुटलं. गाडी सुरू झाली की मी सुरू, बंद झाली की मी गप्प. याला काय जगणं म्हणायचं?

माझा जन्म एका गॅरेजात झाला. दोन गिटार, एक ड्रम आणि शेजाऱ्यांच्या शिव्या! तिथल्या रॉक बँडने माझ्यावर आपलं गाणं भरलं. "दार उघड, मला जाऊ दे, या घरात माझा श्वास मावत नाही," असं त्यांचा गायक बेंबीच्या देठापासून ओरडला. गाणं गाजलं, गावोगावची बोलावणी आली. पण गायक घर सोडून त्या दौऱ्यांवर गेलाच नाही. बँड मोडला. तोच गायक आता ही टॅक्सी चालवतो.

प्रवासी माझं गाणं ऐकतात आणि आपापला अर्थ लावतात. एक तरुण म्हणाला, "ती सोडून गेली, त्याचं हे गाणं." एक प्राध्यापक म्हणाले, "छे हो! हे हुकूमशाहीविरुद्ध आहे." एका आजींनी तर डोळे पुसले. म्हणाल्या, "अरे, हा आत्मा बोलतोय." आमचे ड्रायव्हरसाहेब सगळ्यांना एकच उत्तर देतात, "असेल बुवा." असा संताप होतो माझा! खरं काय ते मला ठाऊक, पण मला ठरलेल्या ओळींपलीकडे तोंड उघडता येत नाही.

एका दुपारी तो आपल्या लेकीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला दवाखान्यातून घरी नेत होता. बाळाने रडून गाडी डोक्यावर घेतली होती. अचानक लेकीचा बांध फुटला. "बाबा, हिला इथेच टाकून पळून जावंसं वाटतंय मला. मी आई आहे की कोण?"

त्याने गाडी कडेला घेतली आणि माझा आवाज बारीक केला. खरं सांगितलं तर लेक जन्मात तोंड बघणार नाही, ही भीती त्याने इतकी वर्षं उराशी धरली होती.

"हे गाणं तुझ्यावर आहे," तो म्हणाला. "तू अशीच रडायचीस. मला तू नकोशी झाली होतीस."

लेक हळूच म्हणाली, "मग गेला का नाहीस?"

"गेलो होतो की! बस स्टँडवर बसून हे लिहिलं. लिहून झालं आणि सपाटून भूक लागली, म्हणून घरी आलो. तुला खांद्यावर घेतलं, तर तू शर्टावर ओकलीस."

ती रडता रडता हसली. "म्हणजे मी वाईट नाही?"

"वाईट कसली? दमलीयेस. आण ती पोर इकडे. तू पड जरा."

तो बाळाला घेऊन फुटपाथवर येरझाऱ्या घालू लागला. मागच्या सीटवर लेक गाढ झोपली.

मित्रांनो, माझं काय, मी इथेच गंजणार. तुम्ही गाण्यांचे अर्थ खुशाल लावा. पण तुमच्या घरात कोणी "मला जाऊ दे" म्हणालं, तर त्याला शहाणपण शिकवू नका. त्याच्या हातातलं रडतं मूल तेवढं घ्या.